कांदिदाबाईंचा दोन वाजताचा पेला

२ सप्टेंबर
वही घेऊन पंधरा दिवस झाले. लिहू लिहू म्हणत राहून गेलं, कबूल. फिलेमोनकाकांच्या खळ्यावर कामाला लागलोय. झेंडूच्या पाकळ्या वाळवायच्या, पोत्यांत भरायच्या; पोती रंगाच्या कारखान्यात जातात. राहतो कांदिदाबाईंकडे. त्या मला बोकड म्हणतात, कारण मी हातात मक्याची रोटी घेऊन अंगणभर हिंडत जेवतो. त्यांच्या छातीत गाठ आहे. दर तीन आठवड्यांनी पुएब्ला शहरात केमोला जातात, आल्यावर ओकत बसतात, आणि वर मलाच विचारतात, बोकडा, जेवलास का.

९ सप्टेंबर
कारखान्याचा माणूस आला होता. म्हणे पाकळीतल्या पिवळ्या रंगाने रक्तातल्या पेशींना बळ येतं, त्या कर्करोगावर तुटून पडतात. पुढेही काही सांगत होता, पण काकांच्या गाढवाने पोत्यात तोंड घातलं आणि मी तिकडे धावलो. बाईंना सांगितलं. आता रोज दुपारी दोनला पाकळ्यांच्या काढ्याचा एक पेला. मीच उकळतो.

२८ सप्टेंबर
बाई केमोला गेल्या नाहीत. ओकाऱ्या थांबल्या, काढा लागू पडला म्हणतात. मला गल्लीभर मिरवलं.

१० ऑक्टोबर
काकांना काढ्याचं बोललो. त्यांनी हातातलं पोतं खाली ठेवलं. मग म्हणाले, अरे, तो कारखान्याचा माणूस पुढे म्हणाला होता, हे उंदरांत दिसलंय, तेही औषधाच्या जोडीला. औषध सोडून नव्हे.
पुढची केमो एकोणीसला आहे. बाईंना उद्या सांगतो.

१४ ऑक्टोबर
बाईंनी पेला संपवून माझ्या डोक्यावर हात ठेवला. कसं सांगू? उद्या नक्की.

१८ ऑक्टोबर
बाईंना मूठमाती दिली.

३१ ऑक्टोबर
घरोघरी रस्त्यापासून आत मृतांसाठी मांडलेल्या वेदीपर्यंत पाकळ्यांची वाट घालतायत. उद्या दुपारी दोनला मेलेली माणसं त्या वाटेवरून घरी येतात. बाईंसाठी कुणी घालत नाही. महिन्याच्या आत गेलेल्याला तिकडून रजा मिळत नाही म्हणे.
ऐकून बरं वाटलं. लाज वाटते.

१ नोव्हेंबर
दफनभूमीपलीकडच्या शेतातून पाकळ्यांचं पोतं पाठीवर आणलं. घरी आल्यावर दिसलं, पोतं फाटकं. दफनभूमीच्या फाटकापासून दारापर्यंत पिवळी रेघ —

दफनभूमीच्या टोकाकडून झाडायला लागलो. चौकात बँड वाजत होता, बघत उभा राहिलो. अर्धीच झाडली. घराकडची अर्धी तशीच —

दोनचे टोले पडले. चुलीवर पातेलं खदखदतंय. मी ठेवलेलं नाही —

बाहेर पावलं वाजतायत. काका असतील. नाही, काका असे पाय ओढत —

कांदिदाबाई आल्यात. दारात उभ्या आहेत.

"बोकडा, आजचा पेला राहिला ना रे?"

देतो बाई. पण आधी ऐका, तो माणूस पुढे म्हणाला होता की