पत्र्यांपलीकडच्या साहेबांना

आमची गल्ली बंद करणारे साहेब,

तुम्ही गल्लीच्या तोंडाशी पत्रे ठोकलेत, म्हणून मीही पत्र ठोकतेय. मला अक्षर येत नाही. नात लिहितेय आणि मधेच हसतेय. म्हणते, "आजी, पोटच्या मुलाला साहेब काय म्हणतेस?" फोन केला की तू "आई, मीटिंगमध्ये आहे" म्हणतोस, मग साहेबच की!

साथ ओसरली तेव्हा तुझं तोंडही दिसलं नाही. आता गल्लीत पुन्हा पेशंट निघाले, तर तू रोज पत्र्यांपलीकडे जीप उभी करून भोंग्यावर बोलतोस. "संपर्क टाळा" म्हणालास तेव्हा मी नातीला म्हटलं, हे तर त्याला आधीपासूनच छान जमतं.

शेजारीण बरी व्हावी, गल्ली लवकर सुटावी, असं मलाही वाटतं रे बाबा. पण सुटली की तुझी जीप दुसऱ्या गल्लीला जाईल, हेही मनात येतं.

काल सूचना संपल्यावर तू जरा थांबलास आणि म्हणालास, "ज्येष्ठांनी रुसून जेवण सोडू नये." नातीने सरकारी सूचना पुन्हा पुन्हा वाचल्या. हे वाक्य त्यात कुठेच नाही. मी उठले आणि पोटभर जेवले.

हे पत्र धाडायचं नाही, असं नातीला बजावलंय. मला उमगलं हे तुला कळलं, तर लाजून तेवढंच वाक्य गाळशील.

दाराला कान लावून बसलेली,
तुझी ज्येष्ठ नागरिक