अर्पिताची बाजू

२१ जुलै, रविवार

काढून टाकली! माझ्या ऑनलाइन फॉर्मच्या सेंटरच्या मशीनवरची अर्पिताची बाजू. कॉम्प्युटरची निम्मी जागा तिच्या त्या लिनक्स सिस्टीमनं अडवली होती. चालू केलं की विचारणार — लिनक्स का विंडोज? चार वर्षं रोज सकाळी हाच प्रश्न. बाईसाहेब लग्न होऊन लातूरला गेल्या, तिथं कॉलेजात कॉम्प्युटर लॅब सांभाळतात, तरी इथली जागा सोडायची न्हाय! आज सगळी पुसली. लई बरं वाटलं.

काल आली होती. आण्णांच्या माघारी जमिनीला तिघांची नावं लागली — आईचं, माझं, तिचं. आता बहिणीनं हक्कसोड करून द्यायची, ही रीत हाय. कागद मी स्वतः टाइप केलेला, आईनं साडी-चोळी आणलेली. तर ही म्हणते, "दादा, सही करणार न्हाय. पीक तू घे, सगळं घे. माझं नाव तेवढं राहू दे."

का? येरमाळ्याच्या आसपासच्या किती बहिणींच्या हक्कसोडी या हातानं टाइप केल्यात! बाया मुकाट सही करतात, जेवतात, जातात. आणि माझ्याच घरात हे! साडी तशीच सोडून गेली.

२२ जुलै

मशीन चालू होईना!

नुसता काळा पडदा. वर इंग्रजीत एक ओळ, असला भाग सापडत न्हाय म्हणून, आणि खाली एक रेघ लुकलुकतीय. दहा वेळा बंद-चालू केलं. बाहेर पीकविम्याची रांग. मुदत एकतीसची. गेल्या आठवड्यात ज्यांचे कागद स्कॅन करून घेतले ते सगळे आत अडकले. रांगेतले बलभीममामा म्हणाले, "कृष्णराज, परवा तर चालू होतं की रं." व्हय मामा, होतं! मी काय हौसेनं बंद पाडलंय?

२३ जुलै

सीपीयू मांडीवर घेऊन एसटीनं कळंबला गेलो. दुरुस्तीवाला शांतलिंग बघून हसला. "दुसरी सिस्टीम काढलीस व्हय? अरे, मशीन चालू करणारं सॉफ्टवेअर तिच्याच बाजूला होतं. आता पुरं फॉरमॅट मारावं लागंल."

म्हणजे सगळंच साफ! मी म्हणलं, माझ्या विंडोजला हातसुद्धा लावला न्हाय, ती का चालू होईना? तो चहा पीत बसला. म्हणलं ठेव तुझं फॉरमॅट, आणि सीपीयू उचलून परत आलो. किल्ली तिच्या बाजूला ठेवायला सांगितलं होतं कुणी? मला न विचारता! आणि मी भोगायचं!

२४ जुलै

आई म्हणते, "तिला फोन कर." मेलो तरी करणार न्हाय.

२५ जुलै

दिवसभर मोबाइलवर खटपट. तीन फॉर्म झाले, ते पण अर्धवट. माणसं पलीकडच्या सेंटरला चाललीत. ज्यांचे कागद आत आहेत ती दारातच बसून. बलभीममामांनी भाकरी दारातच सोडून खाल्ली. ते जास्त लागलं.

जेवताना आईनं परत अर्पिताचं काढलं. म्हणे, "मी बी माझ्या भावाला सही करून दिलती. कुणी इचारलं न्हाय, मी बी बोलले न्हाय. नंतर माहेरी गेले की पाहुणीवानी चहा द्यायला लागले." मी म्हणलं, आई, आपलं मशीनचं चाललंय! ती ताट उचलून आत गेली.

२६ जुलै

केला फोन. पहिल्याच रिंगला उचलला.

सांगितलं सगळं. तिनं विचारलं — "कधी काढलंस?"

"रविवारी."

"म्हणजे मी सही न केल्याच्या दुसऱ्या दिवशी."

लाज वाटली. लिहायलाच पाहिजे, वाटली. म्हणलं, तुझं काय होतं त्यात? "परीक्षेच्या नोट्स. आण्णांनी मला लिहिलेली पत्रं, स्कॅन करून. राहू दे आता. फॉरमॅट न्हाय ना मारलास? मग तुझं सगळं जागेवर हाय. चालू करताना एफ-टू दाबून धर."

आधी कुठली सिस्टीम चालू करायची, त्याची यादी आली. वर उबुंटू, तिच्या लिनक्सचं नाव, पुसलं तरी यादीत राहिलेलं. खाली विंडोज. "विंडोज वर घे." घेतलं. सवयीनं म्हणलं, हे उबुंटू पुसून टाकू का?

"कशाला? खाली असू दे. त्यानं तुझं काय अडतंय?"

चालू झालं. तीन मिनिटांचं काम! चार दिवस मी कुणाकुणाला शिव्या घातल्या! बलभीममामांचा फॉर्म पहिला भरला. फोन कधी ठेवला तिनं, कळलंच न्हाय.

२८ जुलै

'अर्पिता हक्कसोड' ही फाइल उघडली. मजकूर आधी कधी वाचलाच नव्हता, जुन्याच कागदात नुसती नावं बदलत आलो. 'मी राजीखुशीने, कोणत्याही दडपणाशिवाय...'

पुसून टाकली. मशीन बंद करून परत चालू केलं. झालं चालू.