टेकडीवरचा कॉल

अल मजाज, शारजा

रोवेना,

तुला मराठी येत नाही, म्हणूनच हे लिहायचं धाडस होतंय.

आई आजारी आहे, बेटावरून दवाखाना होडीने अर्धा दिवस लांब, फिलिपिन्सला जाऊ का, असं तू विचारलंस. माझ्या दियाची परीक्षा होती, तिला तुझ्याशिवाय कोण सांभाळणार? मी म्हणाले, "पुढच्या महिन्यात, इन्शाल्ला. तोवर व्हिडिओ कॉल कर." तू केलास. आठवड्याने आई गेली.

तू गावी गेल्यावर दियाने सांगितलं, तिथे रेंज फक्त टेकडीवर मिळते. त्या कॉलसाठी गावकऱ्यांनी आईला खुर्चीत बसवून चिखलातून वर नेलं होतं.

"ममा, डिड यू नो?"

मी नाही म्हणाले.

रेंजचं तू मला आधीच सांगितलं होतंस. किचनमध्ये, दोनदा.

तोंड लपवणारी,
सुलक्षणा