‘माह्या मयतीले येऊ नको’ हे बोलणे रद्द करण्याबाबत

मी, धुरपता यादोराव लांजेवार, राहणार दिघोरी, तालुका लाखांदूर, वय अंदाजे एकाहत्तर (जन्मतारीख गुरुजींनी आपल्या मनाने टाकली होती), चौथी शिकलेली, डोके ठिकाणावर असताना आणि सकाळपासून कोणावरही चिडलेली नसताना हे मृत्युपत्र लिहिते. याआधी अंगणात उभी राहून, छाती बडवून मी जे जे वाटप जाहीर केले, ते सर्व रद्द समजावे.

१. घर मुलगा अनुप याचे. धुऱ्याला, म्हणजे शेताच्या बांधाला, लागून असलेली धानाची बांधी मुलगी दामिनी हिची. या धुऱ्याची गोष्ट लिहिलीच पाहिजे. नवी सून होती मी. जाऊबाई पंचफुलाशी भांडण झाले, तर रागाच्या भरात कुदळीने आमच्या दोघींमधला धुरा फोडला. म्हटले, आता बघ. पण तिची बांधी खालच्या अंगाला. माझे सगळे पाणी तिच्याकडे गेले. तिचे धान कमरेएवढे झाले, आमची रोवणी सुकली. यादोराव रागावले नाहीत. घरी आल्यावर सूपभर तांदूळ समोर ठेवले आणि म्हणाले, "आधी हे निवड, मंग बोल." निवडून होईपर्यंत काय बोलायचे होते तेच आठवेना. पुढे किती वर्षे त्या माणसाने मला तांदूळ निवडायला लावले. आमच्या घरी कोणाच्या दाताखाली कधी खडा आला नाही.

२. ते सूप नात खुशबू हिला. ती दार आपटते. माझ्यावर गेली आहे.

३. माझा भात शिजवायचा पितळी गंज एकोणीस वर्षांपासून पंचफुलाकडे आहे. तो आता तिचाच. मी एकदाही मागायला गेली नाही, याची नोंद घ्यावी.

४. यादोराव गेले, तसे सूप समोर ठेवणारे कोणी राहिले नाही. त्याच वर्षी अनुप नोकरीसाठी साकोलीला बिऱ्हाड नेऊ लागला, तर मी बसथांब्यावर मातीत लोळली. सगळ्या गावादेखत म्हणली, "माह्या मयतीले येऊ नको." गावाने हसण्यावारी नेले. त्याने नाही. पाच वर्षे झाली, सून रश्मी आणि खुशबू यांना तो फाट्यावर उतरवतो आणि तिथूनच गाडी वळवतो. तेव्हापासून राग आला की मी आपल्या हातानेच सूप घेते. यंदा रोवणीपासून एकदाही आवाज चढला नाही. पंचफुलाला विचारा, तिला तर करमत नाही म्हणते.

तरी ते बोलणे मी मागे घेते. अनुपने यावे. पहिला खांदा त्याचाच.

५. वरचे कलम लिहून झाल्यावर ध्यानात आले, हा कागद त्याला मी मेल्यावरच वाचायला मिळणार. मयतीला ये म्हणायला मयतीची वाट कायले पाहायची? दिवाळी झाली की गावची मंडई भरते, जत्रेसारखी, घरोघरी पाहुणे येतात. साक्षीदारांसमोरच फोन लावला. म्हटले, "अनुप, मी बसथांब्यावर बोलली ते चुकलं. मंडईले घरी ये."

तो म्हणाला, "माय, येतानी काय आणू?"

आधीची मी असती तर फोन फेकून अंगणभर लोळून रडली असती. म्हटले, "कपडे धुवायची साबण आण. संपली."

लिहून देणार: धुरपता यादोराव लांजेवार (सही स्वतःची, अंगठा नव्हे)

साक्षीदार:
१. परसराम लांजेवार, चुलत दीर
२. बेबीबाई कापगते, शेजारीण

ठिकाण: दिघोरी, जिल्हा भंडारा
दिनांक: १४ ऑक्टोबर २०२५