गाडीचं दार

१२ तारीख, रविवार

प्रिय ताई,

नमस्कार, भाऊजींनाही सांग. चिमणीचा गालगुच्चा घे. पत्र पुढे ढकलत राहिलो, आळस म्हण. अक्षर वाकडंतिकडं दिसेल, त्याचं कारण ओघात येईलच.

काम ठीक. पार्सलं पोचवतो. सायकल तीच, तू नको म्हणत होतीस ती.

सध्या आमच्या रस्त्यावर वादळ उठलंय. कडेला गाड्या लावतात, तिथे सायकलींसाठी वेगळा पट्टा आखणार आहेत. झालं, सगळ्यांचं पित्त खवळलं. सर्वांत मोठा आवाज कोपऱ्यावरच्या न्हाव्याचा. गिऱ्हाईकं तुटतील म्हणे. अगं, त्याची गिऱ्हाईकं सगळी चालत येतात, गाडी लावतो तो एकटाच. माझे केसही त्यानेच कापलेत, एक कल्ला वर, एक खाली. ते असो.

खरी पंचाईत खालच्या शिंपीकाकांची. काकूंना एक दिवसाआड डायलिसिसला न्यावं लागतं. उंबऱ्यापासून गाडीपर्यंत येतानाच त्या दोनदा थांबतात, इतके गुडघे गेलेत. दाराशी जागा आहे म्हणून निभतंय. ती गेली तर गाडी पार मागच्या रस्त्यावर. काकू म्हणतात, मग मी जायचीच नाही. आणि त्या बोलतात तसंच करतात. रोज मला जेवणाचं ताट वर पाठवतात, नको म्हटलं तरी.

परवा या पट्ट्यावर सभा झाली. पालिकेकडून आलेल्या इंजिनिअरबाईंनी विचारलं, "इथे कुणा सायकलवाल्याला अपघात झालाय का?" सगळे माझ्या प्लास्टरकडे बघायला लागले.

हो ताई, प्लास्टर. उजवा हात. ओरडू नकोस, हाड जुळतंय, तोवर कामावर सुट्टी.

मी म्हणालो, "खडीवरून घसरलो." काका गळ्यातली टेप गुंडाळत, पुन्हा सोडत बसले.

घसरलो नव्हतो. काकांनी मागे न बघता गाडीचं दार उघडलं आणि मी त्याच्यावर आदळलो. उचलून दवाखान्यात त्यांनीच नेलं. वाटेत एवढंच बोलले, "हिला सांगू नकोस रे. माझ्या गाडीत पुन्हा बसायची नाही."

म्हणून गप्प. सभेनंतर न्हाव्याने पाठ थोपटली, आपला माणूस म्हणाला. तेव्हापासून स्वस्थता नाही. सकाळी शाळेची पोरं सायकलवरून तीच दारं चुकवत जातात, खिडकीतून बघवत नाही. पट्टाही हवा आणि काकूंच्या दाराशी एक जागाही ठेवा, असं मागता आलं असतं का गं? नेमकं सभेत सुचलं नाही. पण ते मागायचं तर आधी खरं

थांब. जिन्यात कुणीतरी आहे. एक पायरी वाजते, मग बराच वेळ काहीच नाही.

ताई, काकू आल्यात. हा अख्खा जिना चढून. मुठीत काकांच्या गाडीची किल्ली. खुर्चीत बसवलंय, पाणी दिलंय. दम खाऊन म्हणाल्या, "खडीवरून घसरलास, हे मला पटलेलं नाही. बहिणीला लिहितोयस? तिला खरं लिहिलंस ना? मग पुरं कर, आणि आता मला सांग."

तुझा,
डाव्या हाताने लिहिणारा धाकटा