दोनदा आत घेतलेला कोट

४ फेब्रुवारी, मंगळवार

ती. ताईस,

धाकटीचा नमस्कार. वाकून केला आहे असं समज. कमरेत उसण भरल्यामुळे प्रत्यक्षात तो मानेपर्यंतच पोचला.

इकडे सगळं ठीक. भावजींचा गुडघा कसा आहे? तुला तीनदा फोन केला, तू उचलला नाहीस. तुझ्यासारख्या वकिलाला तोंडी कळवण्यापेक्षा लेखी कळवावं, म्हणून हा कागद.

विषय गंभीर आहे. कपडे.

आमच्या शब्दकोशाच्या कचेरीतले प्रमुख संपादक महिनाअखेर निवृत्त होताहेत. त्यांच्या जागेसाठी दोन नावं आहेत. एक माझं, दुसरं बाहेरच्या एका गृहस्थांचं. मुलाखत शुक्रवारी, २१ तारखेला, अकरा वाजता. काल नव्या संचालकबाईंनी मला खोलीत बोलावलं. वय चौतीस, इस्त्री नखशिखांत.

"मॅडम, तुमच्या कामाबद्दल प्रश्नच नाही," त्या म्हणाल्या.

ताई, ज्या वाक्याची सुरुवात अशी होते, त्याच्या शेवटी दगड ठेवलेला असतो.

"फक्त समितीत बाहेरची माणसं असतात ना. तेव्हा जरा… प्रमुख वाटेल असं काही…"

"म्हणजे कपडे?"

"एकूणच," असं म्हणून त्यांनी माझ्या पोटाकडे पाहिलं.

पोटावर भोक होतं. माझ्या सगळ्या स्वेटरांना त्याच एका जागी भोक आहे. कार्डांचा खण ओढताना त्याची पितळी मूठ तिथे अडकते, आणि तेवीस वर्षांत मूठ काही बदलली नाही. उजवं कोपर टेबलावर घासून विरलेलं. एका पँटीची चेन पिनेवर चालते. बुटाचा तळ मी कार्डं चिकटवायच्या डिंकाने बसवला आहे आणि तो बसला आहे, याचा मला अभिमान होता. कालपर्यंत. व्याकरणात अव्यय असतं ना, लिंग, वचन, विभक्ती, कशाने म्हणून बदलत नाही, तशी मी झाले आहे. कोशात ते शोभतं. मुलाखतीत नाही.

यात दोष थोडा तुझाही आहे. एकोणपन्नास वर्षांत मी स्वतःसाठी एक स्वेटर विकत घेतलेला नाही. शाळेच्या गणवेशापासून सगळं तुझ्या अंगावरून माझ्या अंगावर. आणि तुझा नियम पहिल्या दिवसापासून कायद्यासारखा: "मी घालणं सोडलं की तुझं. त्याच्याआधी हात लावायचा नाही." लाल स्वेटर न विचारता घातला म्हणून तू तो भर वर्गात येऊन माझ्या डोक्यातून ओढून काढला होतास. बाईंनी विचारलं, "कोण गं ही?" मी म्हणाले, "मालकीण."

यंदा तुझं वार्षिक पार्सल आलं नाही. आठवण करून देत नाही, नुसतं नमूद करते. गेल्या वर्षीच्या त्या प्रकरणानंतर तुझ्या डोक्यात कपडे नसतील, हे साहजिक आहे. पण ते संपलं असं तूच दिवाणखान्यातल्या नव्या पडद्यांच्या बातमीखाली एका ओळीत लिहिलं होतंस, म्हणून धीर करते. तू घालणं सोडलेला एखादा बरा शर्ट आणि एखादं जाकीट असेल तर पाठव. समितीसमोर मी वयाला शोभेशी दिसेन एवढंच हवं आहे.

तुझी,
पंडित

(हे नाव तूच ठेवलंस. संस्कृत शिकलेल्या माणसाला घरात दुसरं काय मिळतं!)


१५ फेब्रुवारी, शनिवार

ती. ताईस,

नमस्कार. कंबर सुधारली, हा पूर्ण वाकून.

पार्सल पोचलं. पार्सल कसलं, बिऱ्हाड! दोन माणसांनी मिळून दोन खोकी वर आणली, तेव्हा शेजारीण म्हणाली, "कोण राहायला येतंय?" मी एक शर्ट मागितला होता. अकरा आले. सहा पँटी, राखाडी सूट, त्याच्या बाहीवर अजून दुकानाची चिठ्ठी. तीन जोड बूट, आत कागदाचे बोळे भरून. सगळं धुऊन, घडी घालून, रंगांप्रमाणे लावलेलं. तू आयुष्यात कधी रंगांप्रमाणे कपाट लावलं नाहीस.

आणि सगळ्यात तळाशी काळा कोट.

तो चुकून आला का? मोठ्या खटल्याच्या शेवटच्या दिवशीच तू तो घालतेस. मी एकदा नुसता खांद्यावर टाकून पाहिला, तर म्हणाली होतीस, "तो माझ्याबरोबर म्हातारा होणार आहे. तुझा नंबर नाही." असो.

गुरुवारी निळा शर्ट आणि राखाडी सूट घालून कचेरीत गेले. आमच्याकडे दोन सहसंपादक आहेत, कायम एकाच्या मागे एक, सगळे त्यांना विसर्ग म्हणतात. वरचा टिंब उठून उभाच राहिला. "कोणाला भेटायचंय आपल्याला?"

"मला," मी म्हणाले.

खालचा टिंब पुटपुटला, "अरे बापरे, या तर आपल्याच."

संचालकबाई दारात थांबल्या. मान अशी हलवली की जागा मिळालीच समज. ताई, मी जिना चढताना आवाज होत होता. तुझ्या बुटांचा. लोक बाजूला होत होते. इतकी वर्षं तुझ्यासाठी लोक का बाजूला होतात याचा मला वाटे तुझ्या बुद्धीशी संबंध आहे.

मुलाखतीला कोट घालावा म्हणून तो कोपऱ्यावरच्या शिंप्याकडे नेला, कारण बटण लागेना. तुझ्या मापात मी कायम आरामात मावत आले आहे. उलट थोडं सैलच व्हायचं मला. शिंप्याने अस्तर उसवलं आणि चष्मा कपाळावर सरकवला.

"बाई, हा दोनदा आत घेतलाय."

"बरं."

"पहिल्यांदा मशिनवर, दोन बोटं. ते काम चांगलं आहे. मग परत, तीन बोटं, हाताने. दोरा वेगळा. टाके बघा कसे आहेत, घाईत घातलेत. ज्यांचा आहे त्यांची तब्येत बरी आहे ना?"

मी म्हणाले, त्या वकील आहेत, खाण्यावर ताबा ठेवत असतील. तो म्हणाला, "पाच बोटं म्हणजे ताबा नव्हे हो." माणूस आगाऊ आहे. काम चांगलं करतो.

तू पथ्याचं काही चालवलं आहेस का? नुसतं विचारते. फोन पुन्हा उचलत नाहीस. भावजींनी उचलला होता, पण "ती अंघोळ करतेय" म्हणाले, दुपारी तीन वाजता, आणि त्यांचा आवाज गुडघा दुखणाऱ्या माणसाचा नव्हता.

हिवाळा अजून महिनाभर आहे. तू स्वतःला काय ठेवलं आहेस घालायला? उलट टपाली कळव. एका ओळीत कळवलंस तरी चालेल. पडद्यांच्या खाली लिहू नकोस मात्र.

तुझी,
पंडित


२१ फेब्रुवारी, शुक्रवार
सकाळचे अकरा वाजून पाच मिनिटं
तुझ्या दाराबाहेर, जिन्यावर

ताई,

मायने राहू दे.

हे पत्र टपालात पडणार नाही, दाराखालून आत येणार आहे. एकेक पान संपेल तसं सरकवते. तू म्हणशील, दोघींच्या मध्ये एक लाकडी फळी आहे आणि ही लिहीत काय बसली आहे. तोंडी वादात तू मला सात वर्षांची होतीस तेव्हापासून हरवत आली आहेस. म्हणून लेखी म्हणणं सादर करते.

हो, मुलाखत आत्ता चालू झाली असेल. त्या गृहस्थांना एकट्यालाच. मघाशी तू दाराआडून ओरडलीस, "पंडित, घरी जा, तुझी मुलाखत आहे!" मी म्हणाले, "होती." मग म्हणालीस, "घातलंयस काय?" खरं सांगते, भोकाचा स्वेटर. तुझं काहीही अंगावर घालून मी या दारात येणार नव्हते. कोट आणला आहे, दाराच्या मुठीला अडकवला आहे. शिंप्याकडून पुन्हा आत घेऊन आणला, पाच बोटं, नीट, मशिनवर. तो म्हणाला, "आधी सैल केला, आता परत?" मी म्हणाले, मालकीण बरी होईपर्यंत असाच लागेल.

बुधवारी भावजींनी फोनवर सगळं सांगितलं. त्यांच्यावर चिडू नकोस, बिचारे आधी पंधरा मिनिटं हवामानावर बोलले. नोव्हेंबरात परत आला. डॉक्टरांनी सहा डोस सांगितले, निम्म्याहून जास्त आशा आहे म्हणाले, आणि तू म्हणालीस, पुरे. आज बाराची वेळ आहे आणि तू जाणार नाहीस. ती वेळ तू रद्द करायला सांगितलीस आणि त्यांनी केलेली नाही, हेही तुला इथेच पहिल्यांदा कळत असेल. नवऱ्याला फाशी नंतर दे.

तेवीस वर्षं मी शब्दांची कार्डं लावते. एक शब्द दीड वर्षात एकदाही लिहिला नाही. "ते प्रकरण" म्हणाले, "गेल्या वर्षीचं" म्हणाले. कॅन्सर. घे, लिहिला. हात काही गळून पडला नाही. आधी लिहिला असता तर तुला माझ्याशी बोलता आलं असतं. मी विनोद करत बसले, म्हणून तूही पडद्यांचं लिहीत बसलीस.

आता यापुढचं पान मी तीनदा फाडलं आहे.

मला शिंप्याने सांगितल्यावर कळलं नाही, ताई. मला खोकं उघडलं तेव्हाच कळलं होतं. तळाशी कोट दिसला आणि मी खोक्याशेजारी जमिनीवर बसले. तुझा नियम मला पाठ आहे. तू घालणं सोडल्याशिवाय एक रुमालसुद्धा माझ्याकडे येत नाही. तू सगळंच सोडलं होतंस, आणि त्याची घडी घालून मला पाठवली होतीस. हे कळलं, आणि तरी मी उठून तो कोट अंगात घालून आरशासमोर उभी राहिले. बटण लागत नव्हतं तरी. आणि मला वाटलं, किती छान दिसतेय मी. मग दुसऱ्या दिवशी तुझे बूट वाजवत कचेरीत गेले, आणि शनिवारी तुला गमतीचं पत्र लिहिलं. चार दिवस मी खुशीत होते. हे मला माफ होत नाहीये. तू करशील असंही नाही, करू नकोस. पण बाहेर येऊन कर काय करायचं ते.

मागच्या वेळी तुझं काय झालं ते मी पाहिलेलं नाही. तू येऊ दिलं नाहीस आणि मी निमूट ऐकलं, कारण मला ऐकायचंच होतं. तेव्हा "सोस" असं म्हणायचा अधिकार मला कुठून असणार? नाही आहे. वाद घालायला एकही मुद्दा नाही माझ्याजवळ. या वेळी मात्र बादली मी धरेन. रजा टाकली आहे, सहाही डोसांची. समितीला काय हवं होतं, माणूस वयाला शोभेसा. मी एकोणपन्नास वर्षांची बाई तुझ्या जिन्यावर बसून रडते आहे आणि तिसऱ्या मजल्यावरची एक म्हातारी दोनदा पाणी विचारून गेली. शोभत नाही. दुसरं काही येत नाही मला.

आणि शेवटी नाहीच म्हणायचं असेल तर तेही म्हण. माझ्या तोंडाकडे बघून म्हण, मी ऐकेन, मग आपण दोघी आत बसू. पण कपड्यांची वाटणी करून, दार लावून नको. असं तर तू अशिलांनासुद्धा सोडत नाहीस.

साडेअकरा झाले. हे शेवटचं पान.

लिहिता लिहिता थांबले. आत कपाट उघडल्याचा आवाज आला, मग तू काहीतरी बोललीस, मग भावजी दाराशी आले. म्हणाले, "ती विचारतेय, कपाटात काही उरलं नाहीये, अशी गाऊनवर कशी येऊ? आणि खाली गाडी थांबवलीयस का?"

थांबवली आहे, ताई. गाऊनवर ये. कोट दारालाच आहे. भावजींना कडी काढायला सांग, ती नुसतीच वाजतेय, मला इथून ऐकू येतंय.

उत्तर नको, तूच हवी आहेस म्हणून बसलेली,
तुझी धाकटी