माकान म्हणजे भूक नव्हे

काटोंग, सिंगापूर
३ मार्च १९९६

चि. विनीस,
अ. आ.

तुझ्या नातवाचा फोटो पोचला. कान तुझेच घेतलेत बिचाऱ्याने.

वृद्धाश्रमात आईची तब्येत बेताची. पक्षाघाताच्या झटक्यानंतर गेलेली वाचा परतली नाही. एकच शब्द उरलाय, ‘माकान’. दिसेल त्याला तेवढंच म्हणते. मनिलाच्या नव्या नर्सने त्याचा अर्थ विचारला, ‘खाणं’ असा कळला, आणि तिने बिस्किटं सुरू केली. साखर चढली. आता बिस्किटं बंद, आणि दुसऱ्यांच्या ताटांकडे बघून मागते म्हणून आईला भिंतीकडे तोंड करून एकटीला जेवायला बसवतात. मी गेले की मान वळवून तेच म्हणते. मी म्हणते, आई, आता नको. काय करू, सुचत नाही.

आशीर्वाद आहेतच, पत्रही पाठवत जा.
तुझी थोरली बहीण, ताची,
फिलोमिना


पर्थ
१४ मार्च १९९६

ती. ताचीस,
सा. न. वि. वि.

अगं वेडे, आई मागत नाहीये. विचारतेय. जेवलीस का, म्हणून. दारात पोस्टमन आला तरी ती हेच विचारायची. कॉन्व्हेंटमध्ये इंग्रजीत मलय शब्द मिसळला की पट्टी बसे, म्हणून फाटकाबाहेर पडताच आपण मुद्दाम बोलायचो: चविष्ट ते सेदाप, तिखट ते पेदास, आणि ‘जेवलीस का’ म्हणजे माकान. तू रोज ऐकतेस, म्हणून तुला ऐकू आलं नसेल. मला इथे एकोणीस वर्षांत कोणी विचारलेलं नाही. हवामान विचारतात.

तिला उत्तर दे. ईस्टरला मी येतेच आहे.

माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी,
विनी


काटोंग
२५ मार्च १९९६

चि. विनीस,
अ. आ.

तुझं पत्र नर्सला वाचून दाखवलं. तिने आईची खुर्ची वळवली.

पहिल्या दिवशी मी म्हटलं, जेवले. आईने मान हलवून डोळे मिटले, जणू पाहुणी उठून गेली. म्हणून काल खरं तेच सांगितलं: “बलुम, आई. अजून नाही.” तिने डाव्या हाताने पेजेची वाटी माझ्याकडे सरकवली आणि मी संपवेपर्यंत नजर काढली नाही. अळणी होती. नर्सने तिच्यासाठी दुसरी आणली.

आता दुपारी मी घरी चूल पेटवत नाही. एकटीसाठी तसंही जिवावर येत होतं.

लोभ आहेच. येशील तेव्हा विमानात काही खाऊ नकोस.
तुझी,
ताची